तिचा सहावा पहिला दिवस

"घाबरू नका हं," समोरचा तरुण म्हणाला आणि त्याचाच आवाज चिरकला. "पहिला दिवस सगळ्यांनाच जड जातो."

मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं.

तो थांबला. गळ्यात नवा कोरा टाय, अंगात नवा कोरा शर्ट, हातात गुलाबांचा गठ्ठा. त्याची नजर रांगांवरून फिरत फिरत गेली आणि दोन हसऱ्या डोळ्यांपाशी येऊन अडकली... चांगलीच अडकली.

"तुम्हाला काही... विनोदी वाटलं का?"

"छे हो साहेब, छान बोलताय. फक्त मागच्या वर्षीचे साहेब 'अवघड जातो' म्हणाले होते. तुम्ही 'जड' म्हणालात, एवढंच."

"मागच्या वर्षी? म्हणजे तुम्ही मागच्या वर्षी पण—"

"हा माझा सहावा पहिला दिवस आहे," ती म्हणाली, आणि अख्खी खोली हसली.

पंख्यांचा कारखाना होता तो. छताला टांगतात ते पंखे. नव्या कामगारांचं स्वागत तिथे झोकात व्हायचं. हातात गुलाब, छातीवर पिवळा बिल्ला – 'मी नवीन आहे, मला मदत करा' – आणि वर तासभर भाषण. त्या दिवशी खोलीत बसलेल्या बायकांपैकी एकही नवीन नव्हती. नवीन होता तो फक्त भाषण देणारा, कारण कर्मचारी विभागात त्याचाच तो पहिला दिवस होता. आता याला काय म्हणावं? वर्षानुवर्षं राबणाऱ्या बाईच्या छातीवर 'मी नवीन आहे' अशी पाटी लावायची आणि वर तिच्या हातात फूल द्यायचं! थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं.

भाषण संपलं तेव्हा त्याच्या घशाला कोरड पडली होती. तो तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "पाणी... पाणी कुठे मिळेल इथे?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग स्वतःचा पिवळा बिल्ला काढला आणि त्याच्या नव्या कोऱ्या शर्टावर लावला.

"आता कुणालाही विचारा," ती म्हणाली. "मदत करतील."

पाणी मात्र तिनेच दाखवलं.

* * *

कारखान्यात तिला सगळे 'ठिणगी' म्हणायचे. का, ते वेगळं सांगायला नको. आणि त्याचं नाव त्याच दुपारी चाचणीच्या हॉलमध्ये ठरलं – गुलाबराव. एकदा बायकांनी नाव ठेवलं की ते सरकारदरबारी नोंदल्यापेक्षा पक्कं होतं.

चाचणीचा हॉल म्हणजे वाऱ्याचं घर. वर रुळांवर रांगेने पंखे टांगलेले, सगळे एकदम फिरणारे, आणि खाली टोप्या घातलेल्या बायका माना वर करून उभ्या. कुठला डुगडुगतो, कुठला आवाज करतो, कुठला निवांत फिरतो हे बघायचं. वाऱ्याच्या घोंघाटात बोललेलं ऐकू येणं शक्यच नव्हतं, म्हणून तिथे सगळं बोलणं हातांनी चालायचं. करंगळी हलवली की 'डुगडुगतोय'. कानावर दोन बोटं आपटली की 'आवाज करतोय'. मूठ खालच्या बाजूला उघडली की 'खाली उतरवा'. आणि मूठ छातीवर टेकवली की 'हा चांगला आहे, हा ठेवायचा'.

गुलाबराव हजेरी बघायच्या निमित्ताने आला आणि दारातच त्याचा टाय वाऱ्याने उडून तोंडावर बसला. तो सोडवत त्याने काहीतरी विचारलं. ठिणगीने कानाला हात लावला. तो ओरडला. तिने मान हलवली. मग त्यानेही सगळ्यांचं बघून, आपण फार हुशार असं दाखवत, ऐटीत एक खूण केली – स्वतःकडे बोट दाखवून करंगळी हलवली.

अख्खा हॉल पोट धरधरून हसला. पंखे मात्र फिरत राहिले.

"मी काय म्हणालो?" बाहेर आल्यावर त्याने विचारलं. त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्ही म्हणालात, मी डुगडुगतोय."

"आणि... डुगडुगणाऱ्याचं काय करता तुम्ही?"

"टाकून नाही देत," ती केस टोपीत कोंबत म्हणाली. "पात्यावर एवढंसं वजन लावायचं. सरळ होतो मग."

"लावून बघा की कधीतरी."

"बघू," ती म्हणाली. "आधी किती वजन लागतं त्याचा अंदाज येऊ दे."

मग तो रोजच हजेरी बघायला यायला लागला. एवढी हजेरी तर देवाच्या दारीही कुणी बघत नसेल. कधी चहाचे दोन कप हातात, कधी 'तुमच्या टोपीचा नंबर चुकलाय बहुतेक' असलं काहीतरी फालतू कारण. हळूहळू तो सगळ्या खुणा शिकला. रुळाच्या त्या टोकाला ती आणि या टोकाला तो, मध्ये भणाणता वारा... आणि त्याची करंगळी विचारायची, 'आज डुगडुगतेस का?' ती कानावर बोटं आपटायची, 'फार आवाज करू नकोस.' 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तो आला नाही की तिला हॉल रिकामा वाटायचा, आणि आपल्याला असं वाटतं याचा तिला राग यायचा. रागाशिवाय तिला काही वाटतच नसे म्हणा ना.

एकदा चहा पिताना त्याने विचारलंच, "खरं सांग, सहा वेळा पहिला दिवस कसा येतो गं?"

"तुला माहीत नाही? तुझ्याच विभागाचा उद्योग आहे."

"मला फायली लावायला ठेवलंय अजून."

तिने कप खाली ठेवला. "अकरा महिने झाले की आमच्यापुढे कागद येतो. 'मी माझ्या खुशीने नोकरी सोडत आहे.' सही करायची. मग थोडे दिवस घरी बसायचं. त्याला ब्रेक म्हणतात. मग परत यायचं, नवा कागद, नवा बिल्ला, नवा गुलाब. सलग वर्ष भरलं तर कायम करावं लागेल ना? म्हणून वर्ष भरूच द्यायचं नाही."

"आणि सही नाही केली तर?"

"तर परत बोलावत नाहीत. गरज सरो नि वैद्य मरो."

तेवढ्यात मावशी आल्या. मावशी म्हणजे हॉलमधल्या सगळ्यात जुन्या बाई. त्यांच्या पहिल्या दिवसांची मोजदाद त्यांनीच सोडून दिली होती. ठिणगीला पंखा बघायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचा डावा हात कोपरात जरा वाकडा होता.

"हात दाखवा ना मावशी यांना," ठिणगी म्हणाली.

"जाऊ दे गं, काय दाखवायचंय!"

"मग मी सांगते. ब्रेकमध्ये पडल्या ह्या. हात मोडला. कारखान्याच्या दवाखान्यात गेल्या, तर फाटकावरच सांगितलं, तुम्ही आमच्या नाही. काय रे, ज्या बाईने तुमचे हजारो पंखे सरळ केले, ती पंधरा दिवसांपूर्वी तुमची होती, पंधरा दिवसांनी पुन्हा तुमची होणार, आणि हात मोडला त्या दिवशी तेवढी तुमची नव्हती?"

त्याने मान खाली घातली. चहा गार झाला.

खरं तर त्याच्याही खुर्चीला पाय तीनच होते. वर्षभर त्याला अजमावणार होते आणि मग ठेवायचं की घालवायचं हे मोठे साहेब ठरवणार होते. पण हे त्याने तिला सांगितलं नाही. आपलं तीन पायांवरचं बसणं आवडत्या मुलीला कोण सांगतं?

* * *

अकरावा महिना लागला तसा हॉलमधला हशा कमी झाला. त्याची ये-जा पण कमी झाली, कारण कागद तयार करायचं काम या वर्षी त्याच्याकडे आलं होतं. आणि मग एका दुपारी, खोक्यांच्या थप्प्यांमागच्या बोळात, तो धावतच तिच्याकडे आला. चेहरा नुसता फुलला होता.

"तुला यंदा सही करावी लागणार नाही!"

"खरंच? बंद केलं त्यांनी हे?"

"तुला... तुला नाही करावी लागणार. तुला कायम करतायत."

"आणि मावशींना?"

तो टायची गाठ चाचपायला लागला.

"बाकीच्यांना?"

"अगं, सगळ्यांचं एकदम कसं जमेल? आधी तुझं तर—"

"थांब. माझंच कसं जमलं? सांग."

"मी मोठ्या साहेबांशी बोललो. म्हणजे... सांगितलं त्यांना... की आपलं..."

"आपलं काय?"

"की आपलं लग्न ठरलंय," तो म्हणाला. आणि बोलता बोलताच त्याला कळलं असावं, कारण शेवटचा शब्द अगदी बारीक आला.

"ठरलंय?" ती म्हणाली. "कधी? मी कुठे होते तेव्हा?"

"मी आज विचारणारच होतो गं तुला! शप्पथ! पण साहेब एकदम मूडमध्ये होते, म्हटलं ही संधी—"

"म्हणजे आधी साहेबांना विचारलंस."

"तुझ्यासाठीच ना..."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि ज्यांना वाटेल की पोरगी उगाच भडकली, त्यांनी जरा तिच्या जागी उभं राहून बघावं. या एका वाक्यासाठी, याच्या तोंडून, ती कितीतरी दिवस मनातल्या मनात थांबली होती. आणि ते वाक्य आधी कुणाच्या टेबलावर जाऊन पडलं होतं, तर ज्याने तिला सहा वर्षं नवीन ठेवलं त्याच्या!

"ऐक," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला नाही, उलट खाली उतरला. "इतकी वर्षं मी पंखे बघतेय. एक खराब पंखा माझ्या हातून बाहेर गेला नाही. त्यासाठी मला कुणी कायम केलं नाही. आणि तुझी बायको होणार म्हटल्याबरोबर एका दुपारीत झाले?"

"मला वाटलं, तू खूश होशील."

"माझी खुशी तुम्ही सगळे परस्परच कशी ठरवता रे?"

ती निघून गेली. तो खोक्यांच्या मध्ये उभा राहिला.

घरी बाबांना सगळं कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांची स्वतःची नोकरी एकाच जागी गेली होती, सुरू झाली तिथेच संपली. "मुलगा वाईट नाही गं," ते म्हणाले. "नोकरीही पक्की होतेय. एका दगडात दोन पक्षी."

"बाबा, त्यातला एक पक्षी मी आहे. दुसरा मावशी – माझं पक्कं झालं तरी त्या तशाच राहणार."

बाबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. ती आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडली. त्याचा राग येत होता, आणि त्याहून जास्त राग याचा येत होता की चहाच्या वेळेला त्याची आठवणही येत होती.

* * *

सह्यांच्या दिवशी कॅन्टीनमध्ये टेबल मांडलं होतं. टेबलामागे गुलाबराव, समोर कागदांचा गठ्ठा, शेजारी मोठे साहेब हाताची घडी घालून उभे. बायकांची रांग भिंतीपर्यंत गेली होती. सगळ्यात पुढे ठिणगी.

त्याने वर बघितलं. चेहरा रात्र रात्र न झोपल्यासारखा. "तुझा... तुमचा कागद नाही यात," तो हळूच म्हणाला.

"घाला."

"काय?"

"माझा कागद यात घाला. मला सगळ्यांच्या रांगेत घाला."

"अगं, एकदा कागद आला की मग..."

"मला माहीत आहे काय होतं ते. तुम्ही लिहा."

साहेबांनी भुवई वर केली. त्याने एक कोरा छापील कागद ओढला आणि तिचं नाव लिहिलं. तिने कागद उचलला आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात वाचला.

"'मी माझ्या खुशीने नोकरी सोडत आहे.'" मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, जरा माझ्याकडे बघा. मी खूश दिसते का?"

"बाई, ही नुसती पद्धत आहे. सही करा, महिन्याने या."

"नुसती पद्धत आहे ना? मग तुम्ही करा सही. तुमच्या खुशीने."

रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मला काढायचं तर काढा," ती म्हणाली. "पण तसं लिहून द्या. आम्ही हिला काढतोय, आणि का काढतोय. मी सोडतेय असं माझ्या हाताने लिहून घेऊ नका. चोरी तुमची आणि कबुली माझी? खूप वर्षं दिली मी ती. आता नाही देणार."

तिने कागद टेबलावर ठेवला. सहीविनाच.

मग मावशी पुढे आल्या. साहेबांना वाटलं, ही बाई शहाणी, ही करेल. मावशींनी आपला वाकडा हात टेबलावर ठेवला, पेन बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "मी पण खूश नाही हो. कधीच नव्हते. विचारलंच नाही कुणी."

त्यांच्यामागची म्हणाली, "मीही नाही." तिच्यामागचीही तेच म्हणाली. कुणी मोठ्याने म्हणालं, कुणी घाबरत, एक तर रडतच. रांग टेबलापाशी येत होती आणि गठ्ठा जसाच्या तसा राहत होता.

"लिहा," साहेब गुलाबरावाला म्हणाले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "कामगारांनी गोंधळ घातला, शिवीगाळ केली. आणि तुमचं कायम व्हायचं पत्र माझ्याच टेबलावर आहे, हे लक्षात ठेवा."

ठिणगीने त्याच्याकडे बघितलं. तिला तेव्हा कळलं, की याच्याही मानेवर तोच हात आहे. पण म्हणून तिने नजर काढली नाही. आता याने काय लिहायचं, ते याचं यालाच ठरवू दे.

त्याने पेन उचललं. लिहिलं. आणि मोठ्याने वाचलंही, चिरक्या आवाजात. "'सर्वांना विचारलं. एकही खूश नाही.'" खाली त्याने स्वतःची सही केली.

मग तो उठला. रांगेतल्या बायकांकडे बघत त्याने आपल्या खुर्चीकडे बोट दाखवलं, करंगळी हलवली, आणि मूठ खालच्या बाजूला उघडली. 'ही डुगडुगतेय. खाली उतरवा.' आणि टेबलाला वळसा घालून तो या बाजूला येऊन उभा राहिला.

बायका हसल्या. रडता रडता हसल्या.

* * *

त्याला दुसऱ्याच दिवशी काढलं. कारण द्यावं लागलं नाही, अजमावायच्या काळातल्या माणसाला कारण देत नाहीत. म्हणजे बघा, घेताना गुलाब आणि घालवताना शब्दही नाही!

बायकांना मात्र काढता येईना. सह्या नाहीत म्हणजे कुणी सोडलेलं नाही, आणि काढायचं तर कारण लिहून द्यावं लागणार. लिहिणार काय? उन्हाळा तोंडावर, पंख्यांची मागणी डोक्यावर. प्रकरण कामगार कार्यालयात गेलं. तिथे तारीख पडली, मग तारखेला तारीख पडली. निकाल लागेल तेव्हा लागेल. साहेब हॉलमधून जाताना दात-ओठ खायचे. पण हॉल चालू होता, आणि खाली माना वर करून त्याच बायका उभ्या होत्या.

दरवर्षी ब्रेकनंतर ज्या दिवशी त्या परत यायच्या तो दिवस उजाडला. स्वागताच्या खोलीत गुलाब आले होते, पण घ्यायला कुणी नव्हतं. ठिणगी सकाळी सरळ हॉलमध्ये गेली आणि पंख्याखाली उभी राहिली. तिचा सातवा पहिला दिवस आलाच नाही. कालच्यासारखाच एक साधा दिवस आला, आणि त्या साध्या दिवसासाठी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने ते लगेच वाळलंही.

संध्याकाळी ती फाटकाबाहेर पडली, तर रस्त्यापलीकडे तो उभा. टाय नाही. शर्ट जुना. आणि शर्टावर पिवळा बिल्ला – 'मी नवीन आहे, मला मदत करा.'

"हा अजून ठेवलायस?" ती रस्ता ओलांडून आली.

"तूच दिला होतास."

"काम मिळालं?"

"एका वकीलबाईंकडे. कामगारांचे खटले चालवतात. कागद लिहायचे." तो जरा घुटमळला. "सहा महिन्यांच्या बोलीवर आहे."

"मुदतीवर? आणि तू सही केलीस?"

"वाचून केली. त्यांनी मुदत आहे तर मुदत असंच लिहिलंय. माझी खुशी नाही लिहिली."

तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. तो एक पाऊल पुढे आला.

"चुकलो मी. जे तुला विचारायचं ते दुसऱ्याला विचारलं. तू रागावलीस ते बरोबर होतं."

"रागावलेलीच आहे अजून."

"माहीत आहे. म्हणून आलो."

"आज कुणाला विचारून आलायस?"

"कुणालाच नाही. घरी आईलासुद्धा नाही. आधी तुला." त्याने श्वास घेतला. "लग्न करशील माझ्याशी? कायम आहे... म्हणजे माझ्या बाजूने. नोकरीचं माहीत नाही, कुणाचंच माहीत नाही. पण हे कायम आहे."

मधून दोन ट्रक भोंगे वाजवत गेले. त्या गोंगाटात तिने काहीतरी म्हटलं, त्याला ऐकू आलं नाही. त्याने कानाला हात लावला.

तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, पंखा बघतात तसं, सावकाश, घाई न करता. मग करंगळी हलवली.

त्याचा चेहरा पडला. "डुगडुगतोय?"

तिने मान डोलावली. आणि मग मूठ वळली... आणि छातीवर टेकवली.

तो बघतच राहिला. ती पुढे झाली, त्याच्या शर्टावरचा बिल्ला काढला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला.

"हा पुन्हा लावायचा नाही. आणि वजन मी लावणार आहे, चांगलं भरपूर."

"लाव," तो म्हणाला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. "सही कुठे करू?"

"सही नको. उद्या इथेच ये, याच वेळेला."

"आणि परवा?"

"परवाही. तेरवाही," ती म्हणाली, आणि त्याचा हात असा घट्ट धरला की त्याची बोटं दुखली. "आणि मध्ये एक दिवस जरी ब्रेक घेतलास ना... तर बघ!"